सुएझचा कालवा बंद पडला त्याची गोष्ट

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा एका तात्यांनी विचारले, "गुरुजी, लढाई तिकडं अरबांच्या मुलखात. आपलं त्यांचं ना देणं ना घेणं. मग हिकडं आपल्या डिझेलाचा भाव का वर चढावा?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर चार शब्दांत देता येत नाही. म्हणून त्या रात्री आम्ही फळ्यावर नकाशा काढला आणि १९५६ सालची एक गोष्ट सांगितली. तीच येथे लिहीत आहोत. ही गोष्ट रचलेली नाही, घडलेली आहे. तीन देशांनी मिळून चौथ्या देशावर हल्ला केला. एक वाट आपल्या हाती राहावी आणि एक माणूस गादीवरून खाली यावा, एवढ्यासाठी केला. त्यातून काय निघाले ते पाहा.

आधी वाट कोणती ते समजून घेऊ. मुंबईहून जहाज पश्चिमेला निघाले की अरबी समुद्र लागतो. पुढे एडन बंदरावरून ते तांबड्या समुद्रात शिरते. तांबडा समुद्र म्हणजे एक लांबच लांब, चिंचोळा बोळच म्हणा ना. हा बोळ उत्तरेला जेथे संपतो तेथे इजिप्त देश आहे. त्याच्या पलीकडे भूमध्य समुद्र, आणि त्या समुद्राच्या काठी युरोप. दोन समुद्रांच्या मध्ये जमीन किती? फक्त शंभर मैलांच्या आसपास. पण एवढ्या जमिनीपायी पूर्वी जहाजांना सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालून जावे लागे.

ही जमीन खोदून दोन समुद्र जोडावेत, असे फर्दिनांद द लेसेप्स नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने मनावर घेतले. त्याने कंपनी काढली. १८५९ साली काम सुरू झाले आणि १८६९ च्या नोव्हेंबरात कालवा खुला झाला. कंपनी फ्रेंचांची खरी, पण खोदणारे हात इजिप्तच्या शेतकऱ्यांचे होते. पहिली काही वर्षे त्यांना वेठीला धरून आणीत. वाळूत, उन्हात, रोगराईत त्यातले कितीतरी मेले.

या कालव्याने मुंबई ते लंडन ही वाट चार हजार मैलांहून अधिक जवळ आली. आपली मुंबई एवढी मोठी झाली, त्यात या कालव्याचाही वाटा आहे. वऱ्हाड-खानदेशचा कापूस याच वाटेने विलायतेला जाई आणि तिकडची यंत्रे याच वाटेने येत. रत्नागिरीकडचे खलाशी विलायती बोटींवर कामाला असत. त्यांच्या पायाखालची ही रोजची वाट.

आता मालकी कोणाची, ते पाहू. कालवा इजिप्तच्या भूमीत, पण जकात वसूल करी ती कंपनी. कंपनीचे भागीदार मुख्यतः फ्रेंच. इजिप्तचा राजा कर्जात बुडाला, तेव्हा १८७५ साली त्याचे भाग इंग्रज सरकारने विकत घेतले. पुढे १८८२ साली इंग्रजांनी इजिप्तमध्ये फौजच आणून बसवली. वावर आपले, पण वावरातल्या वाटेचा पैसा दुसऱ्याच्या खिशात, अशी इजिप्तच्या माणसाची गत होती. इंग्रजांची शेवटची तुकडी कालव्यावरून गेली ती १९५६ च्या जूनमध्ये.

तोवर इजिप्तमध्ये राजा राहिला नव्हता. १९५२ च्या जुलैमध्ये सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी त्याला घालवले होते. त्या अधिकाऱ्यांचे पुढारी गमाल अब्दुल नासेर. त्यांना नाईल नदीवर आस्वान येथे मोठे धरण बांधायचे होते. पाणी अडवावे, शेती वाढवावी, वीज काढावी, हा बेत. अमेरिका आणि इंग्लंड पैसा देणार होते. पण नासेर यांनी रशियाच्या गटाकडून हत्यारे घेतली, त्याचा त्यांना राग आला. इतरही कारणे होती. १९ जुलै १९५६ रोजी अमेरिकेने कळवले, पैसा मिळणार नाही. इंग्लंडनेही तेच केले.

पुढच्याच आठवड्यात, २६ जुलैला, नासेर यांनी अलेक्झांड्रिया शहरात भाषण केले. भाषणात ते पुन्हा पुन्हा त्या लेसेप्सचे नाव घेत होते. लोकांना वाटले, हा एवढा लेसेप्सचा जप कशाला? पण ती खूण होती. रेडिओवर हे नाव ऐकताच नासेर यांची माणसे कंपनीच्या कचेऱ्यांत शिरली आणि कालवा इजिप्त सरकारच्या ताब्यात आला. नासेर म्हणाले, भागीदारांना भागांची किंमत देऊ, आणि कालव्याच्या उत्पन्नातून धरण बांधू.

इंग्लंड-फ्रान्सला हे झोंबले. इजिप्तच्या लोकांना कालवा चालवता येणार नाही, असे तेव्हा खूप जण बोलून दाखवत. कालव्यात जहाजांना वाट दाखवायला वाटाडे लागतात. त्यांनाही पायलट म्हणतात. (विमानाचा पायलट तो निराळा.) सप्टेंबरात परदेशी पायलटांनी काम सोडले. आता कालवा बंद पडणार, असे सगळे म्हणू लागले. पण मागे उरलेले इजिप्तचे आणि ग्रीक देशाचे पायलट रात्रीचा दिवस करून जहाजे काढत राहिले. कालवा चालू राहिला. ही गोष्ट ध्यानात असू द्या. हल्ला झाला तेव्हा कालवा बंद नव्हता.

आता कोणाला काय दुखत होते, तेही सांगितले पाहिजे. एकाच बाजूचे ऐकून निवाडा करणारा पंच आम्हांला पसंत नाही. इंग्लंडचे पंतप्रधान सर अँथनी ईडन यांना वाटे, आपल्या तेलाची वाट या एका माणसाच्या मुठीत गेली. हिटलर-मुसोलिनीला वेळेवर अडवले नाही त्याचे फळ युरोपने भोगले होते, आणि ईडनना नासेर त्याच जातीचे दिसत होते. फ्रान्सचा राग वेगळा. अल्जीरियाचे लोक फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होते आणि नासेर त्यांना मदत करत. इस्राएलची तक्रार सगळ्यांत जवळची होती. इजिप्त त्यांची जहाजे कालव्यातून जाऊ देत नसे. तांबड्या समुद्राकडची त्यांची दुसरी वाटही त्याने अडवली होती. शिवाय गाझाकडून हत्यारबंद टोळ्या येऊन त्यांची माणसे मारत. आणि नासेर हे काही संत नव्हते. विरोध करणाऱ्यांना त्यांनी तुरुंगात डांबले होते.

तेव्हा भांडण खरे होते. पण ते तिघांनी ज्या रीतीने सोडवायला घेतले, ती रीत पाहा. ऑक्टोबरच्या अखेरीस पॅरिसजवळ सेव्र नावाच्या गावी एका बंगल्यात तिघांची माणसे गुपचूप भेटली. ठरले असे : इस्राएलने आधी इजिप्तवर चाल करून जावे. मग इंग्लंड आणि फ्रान्सने पंच म्हणून मध्ये पडावे आणि दोघांना म्हणावे, कालव्यापासून दहा मैल मागे सरा. इजिप्त ऐकणार नाही, हे ठाऊकच होते. मग भांडण मिटवण्याच्या नावाखाली कालवा ताब्यात घ्यावा. हे सगळे कागदावर लिहून सह्या झाल्या. ईडननी आपल्याकडचा कागद नाहीसा करवला. इस्राएलने आपला जपून ठेवला, म्हणून पुढे ही गोष्ट उघडी पडली.

ठरल्याप्रमाणे २९ ऑक्टोबरला इस्राएलचे सैन्य सिनाईच्या वाळवंटात घुसले. ३० तारखेला पंचांचा खलिता आला. ३१ तारखेपासून इंग्रज-फ्रेंच विमाने इजिप्तच्या विमानतळांवर बॉम्ब टाकू लागली. ५ नोव्हेंबरला पोर्ट सैद या बंदरावर छत्रीधारी सैनिक उतरले. दुसऱ्या दिवशी समुद्रातून फौज उतरली. लष्करी दृष्टीने पाहिले तर सगळे बेताप्रमाणे झाले. हल्ला करणाऱ्यांची माणसे थोडी मेली. पोर्ट सैदची मेली ती शेकड्यांनी. त्यांत बायामुले होती, बंदरावरचे हमाल होते, मासेमारी करणारे होते. कालव्याचा भागीदार कोण, हे त्यांतल्या कितींना ठाऊक असेल?

आणि कालव्याचे काय झाले? बॉम्ब पडू लागताच इजिप्तने जुनी जहाजे, बार्जा, गाळ काढायची यंत्रे, असे जे हाताशी होते ते कालव्यात बुडवले. चाळीसेक बोटी तळाला गेल्या. ज्या वाटेसाठी हल्ला, ती वाट हल्ल्यानेच बंद झाली. नासेर यांच्या हाती कालवा तीन महिने चालू होता. तो सोडवायला फौज आली आणि तो पाच महिने बंद पडला.

येथे तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. नीट ऐका.

समजा, आपल्या गावाहून बाजारपेठ दोन कोसांवर आहे. मध्ये ओढा, ओढ्यावर पूल. एक बैलगाडी दिवसात दोन खेपा करते. एका रात्री पूल पडला. आता पाच कोसांचा फेरा आला. गाडी तीच, बैल तेच, गाडीवान तोच. पण खेप होते दिवसाला एक. म्हणजे गावात दहा गाड्या असल्या तरी काम पाच गाड्यांचे होऊ लागले. गाड्या कमी पडल्या की भाडे चढते. आणि गंमत बघा, जो गाडीवान त्या पुलावरून कधी जातच नव्हता, उलट्या बाजूच्या गावाला माल नेत होता, तोही भाडे वाढवून मागतो. कारण त्याला आता पुलाकडच्या गिऱ्हाइकांचे बोलावणे येते.

जहाजांचे हेच झाले. युरोपला लागणारे बहुतेक तेल इराणच्या आखाताकडून येई आणि त्यातला मोठा भाग सुएझमधून जाई. ते तेल आता आफ्रिकेला वळसा घालून न्यायचे. तेवढी तेलवाहू जहाजे जगात होती कोठे? भर म्हणून, इराकचे तेल नळाने सिरियातून भूमध्य समुद्रावर येत असे, ते नळावरचे पंप सिरियाच्या सैनिकांनी ३ नोव्हेंबरला उडवून दिले. सौदी अरेबियाने इंग्लंड-फ्रान्सला तेल देणे बंद केले. ज्या इंग्लंडने तेलासाठी हल्ला केला, त्याच इंग्लंडमध्ये १७ डिसेंबरपासून पेट्रोलचे रेशन सुरू झाले. मोटारवाले कूपन घेऊन उभे राहू लागले. हे रेशन १९५७ च्या मेपर्यंत चालले.

आपल्याकडचे तेल आखातातून थेट मुंबईला येई. तुर्भ्याला तेलाचे नवे कारखाने नुकतेच सुरू झाले होते. त्या वाटेत सुएझ नाही. पण जहाज तर लागणारच! जगभर तेलवाहू जहाजांचे भाडे भडकले. त्याची झळ सुएझशी संबंध नसलेल्यांनाही लागली. उलट बाजूच्या गावाचा तो गाडीवान आठवा.

शिवाय तो काळ आपल्यासाठी नाजूक होता. दुसरी पंचवार्षिक योजना त्याच १९५६ साली सुरू झाली होती. भिलाई, रूरकेला, दुर्गापूर येथे पोलादाचे कारखाने उभे राहत होते. त्यांची यंत्रे युरोपातून यायची. अमेरिकेचा गहू मिळण्याचा मोठा करार त्याच ऑगस्टमध्ये झाला होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून मुंबईला यायला जवळची वाट सुएझचीच. आता माल दहा-बारा दिवस उशिरा, आणि भाडे, विमा सगळे चढे. हे पैसे परकीय चलनात मोजायचे. आपल्याकडे परकीय चलनाची आधीच ओढाताण होती, पुढच्या दीड-दोन वर्षांत ती फारच वाढली. सगळा दोष सुएझचा नव्हे. योजनेचा आवाकाच मोठा होता. पण रिकाम्या होत चाललेल्या कणगीत सुएझनेही हात घातला.

आमचे हे सांगून झाले तेव्हा वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे मार खाल्ला एकानं आन् दंड भरला समद्यांनी." आम्ही तात्यांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत, पण मान हलवली.

आता हल्ला थांबला कसा, ते पाहू. त्यात बंदुकीपेक्षा पैशाने जास्त काम केले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना तिघांनी अंधारात ठेवले होते. त्यांची स्वतःची निवडणूक ६ नोव्हेंबरला होती. ते भलतेच संतापले. इंग्लंडच्या पौंडाची पत बाजारात घसरू लागली. सावरायला डॉलर हवे होते, अमेरिकेकडून तेल घ्यायलाही डॉलरच हवे होते. अमेरिकेने सांगितले, आधी लढाई थांबवा, माघारी या, मग पाहू. सावकाराने हात आखडला की भल्याभल्यांचा आवाज खाली येतो. तिकडून रशियाने अग्निबाणांची धमकी दिली. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री इंग्रज-फ्रेंच फौज थांबली. अर्धा कालवाही हाती आला नव्हता.

संयुक्त राष्ट्रसंघात काय चालले होते? जुनी मंडळी त्याला युनो म्हणतात. तेथल्या सुरक्षा परिषदेत इंग्लंड आणि फ्रान्सने नकाराधिकार वापरून ठराव पाडला. म्हणून सर्व देशांची सभा तातडीने बोलावली. तिने २ नोव्हेंबरला युद्धबंदीचा ठराव केला. ६४ देश बाजूने, पाच विरुद्ध. कॅनडाचे मंत्री लेस्टर पिअरसन यांनी तोडगा सुचवला : कोणाच्याही बाजूचे नसलेले सैन्य मध्ये उभे करावे. निळ्या टोप्यांचे हे सैन्य गेले. त्यात आपल्या भारताचे जवानही होते. पंडित नेहरूंनी हल्ल्याचा कडक निषेध केला होता. फ्रेंच-इंग्रज फौज डिसेंबरात परतली, इस्राएलची पुढच्या मार्चमध्ये. कालव्यातल्या बोटी राष्ट्रसंघाने काढवल्या आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये कालवा वाहता झाला.

त्याच दिवसांत युरोपात आणखी एक गोष्ट घडत होती. हंगेरी देशाचे लोक रशियाच्या जोखडाविरुद्ध उठले होते. ४ नोव्हेंबरला रशियाचे रणगाडे त्यांची राजधानी बुडापेस्टमध्ये शिरले. इंग्लंड-फ्रान्स रशियाला कोणत्या तोंडाने बोलणार? स्वतःच दुसऱ्याच्या वावरात उभे होते. हंगेरीसाठी आपल्या सरकारनेही लगेच आवाज उठवला नाही. तेव्हा आपल्याच देशात त्याबद्दल टीका झाली, आणि आमच्या मते ती योग्य होती.

हल्ल्याचा दुसरा हेतू होता नासेर यांना पाडण्याचा. झाले उलटेच. लढाईत त्यांची फौज हरली, पण ते साऱ्या अरब मुलखात वीर ठरले. ईडन यांनी मात्र १९५७ च्या जानेवारीत पंतप्रधानपद सोडले. त्याआधी त्यांनी पार्लमेंटात सांगितले होते की इस्राएलच्या हल्ल्याची आम्हांला आधी कल्पना नव्हती. सेव्रच्या कागदाची हकीकत तुम्ही वर वाचलीच आहे. इराकचा राजा इंग्रजांचा स्नेही होता. १९५८ च्या जुलैमध्ये तेथे उठाव होऊन तो मारला गेला. आस्वानचे धरण रशियाच्या मदतीने बांधले गेले आणि १९७० साली पुरे झाले. कालव्याच्या भागीदारांना इजिप्तने करार करून भरपाईही दिली. ती हल्ल्याविना मिळाली असती की नाही, वाद घालणारे घालतात. आम्हांला वाटते, मिळाली असती.

पण इजिप्तमध्येच एक जखम झाली, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या ज्यू कुटुंबे राहत होती. दुकाने, दवाखाने, छापखाने चालवत होती. इस्राएलच्या फौजेशी त्यांतल्या बहुतेकांचे काही नाते नव्हते. पण राग त्यांच्यावर निघाला. सुमारे पंचवीस हजार ज्यूंना देश सोडावा लागला. बरेच जण एक पेटी आणि थोडे पैसे घेऊन निघाले. घरदार मागे राहिले. हल्ला करणाऱ्यांनी यांना विचारले नव्हते, आणि हाकलणाऱ्यांनीही विचारले नाही.

इस्राएल आणि इजिप्तचे मूळ भांडण तसेच राहिले. मध्ये निळ्या टोपीचे जवान होते तोवर दहा वर्षे बरी गेली. १९६७ च्या मेमध्ये नासेर यांनी त्यांना जायला सांगितले. ५ जूनला लढाई पेटली, तेव्हा परतण्याच्या तयारीत असलेले काही भारतीय जवान गाझामध्ये मारले गेले. कालवा पुन्हा बंद झाला. या वेळी पाच महिने नाही, तर पूर्ण आठ वर्षे.

त्या दिवशी कालव्यातून जाणारी पंधरा जहाजे आतच अडकली. त्यांतली चौदा कालव्याच्या मध्ये असलेल्या खाऱ्या तळ्यात होती. इंग्रज, जर्मन, स्वीडिश, पोलिश, अमेरिकन, अशी ती वेगवेगळ्या देशांची. दोन्ही काठांवर तोफा, मध्ये ही जहाजे. वाळवंटातली वाळू उडून त्यांच्यावर बसे. ती पिवळी दिसू लागली. लोक त्यांना पिवळा ताफा म्हणू लागले. खलाशी पाळीपाळीने येत आणि घरी जात. तळ्यावर त्यांनी आपापसांत खेळांचे सामने भरवले, हाताने टपालाची तिकिटे तयार केली. इकडे जगातल्या कंपन्यांनी वाट पाहायचे सोडले. आफ्रिकेला वळसाच घालायचा, तर निदान एका खेपेत जास्त तेल न्यावे, म्हणून त्यांनी प्रचंड मोठी तेलवाहू जहाजे बांधली. त्यांतली कितीतरी एवढी मोठी होती की कालवा उघडला तरी भरलेली त्यातून जाणार नव्हती.

५ जून १९७५ रोजी कालवा रीतसर उघडला. त्याआधी काही दिवस, मे महिन्यात, त्या पंधरांपैकी दोन जर्मन जहाजे स्वतःच्या यंत्रांवर हँबुर्ग बंदराला पोचली. बाकीच्यांपैकी बहुतेकांना दोर लावून ओढून काढावे लागले. दोन जहाजांतल्या एकाचे नाव म्युन्स्टरलांड. त्याची ती सफर सुरू होऊन आठ वर्षे तीन महिने झाले होते. बंदरावर बघ्यांची मोठी गर्दी जमली होती.